थंडीचा जमाखर्च

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की मंडईतले भाव उतरू लागतात. मेथीच्या जुड्या जाड होतात, पावट्याच्या आणि वालाच्या शेंगांचे ढीग लागतात. गाजर, मुळा, कांद्याची पात, चाकवत, हिरवा लसूण येतो. त्यामागून मटार, ओल्या तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे डहाळे. युरोपातल्या जुन्या शेतकरी घरांत हिवाळा म्हणजे साठवणीवर काढायचे महिने असत. दख्खनच्या पठारावर नेमकं उलटं घडतं. खरिपाची बाजरी, भात, भुईमूग, तीळ नुकतेच घरात आलेले असतात, उसाचं गाळप सुरू होऊन नवा गूळ बाजारात येतो आणि भाजीपाल्याला वर्षातलं सर्वांत चांगलं हवामान मिळतं.

काटकसर म्हणजे हात आखडणं, असं आपण धरून चालतो. हिवाळ्यापुरता तरी हा समज बाजूला ठेवावा. कार्तिकापासून माघापर्यंतच्या महिन्यांत घर चालवण्याचं कौशल्य कमी खर्च करण्यात फारसं नाही. कोणता खर्च कोणत्या आठवड्यात करायचा, यात आहे. भिंतीला रंग कधी द्यायचा, मटार कधी घ्यायचा, बाजरी किती दळून आणायची, आंघोळीचं पाणी कधी भरून ठेवायचं, या साध्या निर्णयांवर घरखर्चाचा मोठा भाग ठरतो.

आधी घराकडे पाहू. आपल्याकडे रंगरंगोटी दिवाळीपूर्वी करायची पद्धत आहे. तिच्यामागची हौस मला मान्य आहे, पण भिंतीच्या दृष्टीने ती वेळ बहुतेकदा चुकीची असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो आणि दिवाळी कधी कधी त्यानंतर दोनच आठवड्यांनी येते. चार महिने पाणी प्यायलेली विटेची नऊ इंची भिंत इतक्या थोड्या दिवसांत सुकत नाही. वरून कोरडी दिसते, आत ओल असते. त्या ओलीवर प्लास्टिक पेंटचा थर बसला की आतलं पाणी बाहेर यायची वाट शोधतं, येताना विटेतले क्षार घेऊन येतं, रंगाखाली पांढरा लोणा फुटतो आणि होळीपर्यंत पोपडे सुटतात. शिवाय दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही आणि मिळाला तर त्याला सवड नसते. तेच काम मार्गशीर्ष-पौषात काढलं, तर भिंत कोरडी असते, हवा कोरडी असते आणि कारागीर सवडीने पुट्टी घासतो. दिवाळीला घर झाडून, जळमटं काढून, दर्शनी दारापुरता रंग दिला तरी सण साजरा होतो.

भिंत खरोखर सुकली आहे का, हे तपासायला पैसे पडत नाहीत. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ओलीच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला बाष्प जमलं असेल, तर रंगाचा डबा उघडू नये.

ज्यांच्या भिंती अजून तेलकट रंगाखाली गेलेल्या नाहीत, त्यांनी चुन्याचा विचार जरूर करावा. गावाकडच्या घरात, गोठ्यात, कोठीच्या खोलीत चुन्यासारखा स्वस्त आणि निरोगी लेप दुसरा नाही. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो; पाण्यात टाकला की तो उकळी फुटल्यासारखा तापतो आणि विरतो. भिंतीवर बसल्यावर तो हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. या बदलाला थोडा ओलावा लागतो. मे महिन्याच्या उन्हात लावलेला चुना भराभर वाळतो आणि हाताला पांढरा लागत राहतो. थंडीत तो सावकाश वाळतो, म्हणून घट्ट बसतो. चुना अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशीही सहज धरत नाही. भिजवताना मात्र हयगय नको. आधी लोखंडी पिंपात पाणी घ्यावं आणि त्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. प्लास्टिकची बादली वापरू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण चुन्याचा शिंतोडा डोळा कायमचा दुखावू शकतो. रात्रभर मुरलेला चुना फडक्यातून गाळून, चिकटपणासाठी डिंकाचं किंवा सरसाचं पाणी आणि किंचित नीळ घालून पातळ करावा. भिंत आधी पाण्याने ओलसर करावी आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत.

गच्चीची दुरुस्तीही याच दिवसांतली. पावसाळ्यात छताला जिथे ओल दिसली तिथे पेन्सिलीने खूण आणि तारीख लिहून ठेवली असेल, तर हिवाळ्यात गवंड्याला नेमकी जागा दाखवता येते. नाहीतर सगळ्या गच्चीचा कोबा नव्याने करण्याचा सल्ला ऐकावा लागतो. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि थंडीत ते पाणी लगेच उडून जात नाही. काम झाल्यावर गच्चीचे निचऱ्याचे पाइप बोळ्याने बंद करून दोन-तीन इंच पाणी दोन दिवस साठवावं आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवावं. गवंड्याचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. दारं-खिडक्यांचं उलटं आहे. पावसात लाकूड फुगून दार अडकतं, म्हणून श्रावणात रंधा मारला, तर पौषात तेच लाकूड आक्रसून फट पडते आणि रात्रभर गार वारा आत येतो. रंधा किती मारायचा हे जानेवारीत ठरवावं. तेव्हाही दार अडकत असेल, तरच लाकूड तासायचं; एरवी जवसाच्या तेलाचा हात पुरतो.

आता रोजच्या खर्चाकडे. हिवाळ्यात वीज आणि गॅस सर्वांत जास्त जातो तो आंघोळीच्या पाण्यावर. हिशेब सोपा आहे. नळाचं पाणी 20 अंशांवर असेल आणि 15 लिटरची बादली 40 अंशांवर हवी असेल, तर सुमारे 0.35 युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात दिवसाला 1.4 युनिट, महिन्याला 42. गॅसवर तीच बादली तापवायला साधारण 40 ते 45 ग्रॅम गॅस जळतो. या आकड्याला हात कुठे लावायचा? पाणी कमी तापवून नव्हे. कुडकुडत आंघोळ करायला कुणालाही सांगू नये. सुरुवातीचं पाणीच कमी गार असलं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी कोमट असतं आणि पहाटे सर्वांत थंड. दुपारी भरून घरात झाकून ठेवलेलं पाणी सकाळी 25 अंशांवर राहिलं, तर 20 ऐवजी 15 अंशच चढवायचे उरतात. म्हणजे थेट पाव खर्च वाचतो. तान्ह्या बाळाच्या आंघोळीसाठी पाण्याचं घंगाळ उन्हात ठेवणाऱ्या आज्यांना हे गणित अंगवळणी पडलेलं होतं. गिझर असेल तर तो दिवसभर चालू न ठेवता आंघोळीआधी वीसेक मिनिटं लावावा आणि सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात, म्हणजे पाइपात दर वेळी अडकणारं गरम पाणी वाया जात नाही. छतावर जागा असेल, तर सौर बंबासारखा दुसरा शहाणा खर्च नाही, कारण दख्खनमध्ये गरम पाण्याची गरज असते त्याच महिन्यांत आकाश निरभ्र असतं.

ऊन हा या ऋतूतला सर्वांत मोठा फुकटचा माल आहे. पुण्याच्या अक्षांशावर 22 डिसेंबरच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त 48 अंश वर असतो. त्यामुळे दोन मीटर उंचीपर्यंतच्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ पावणेदोन मीटर आत, फरशीवर पोचतं. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने तीच खिडकी सावलीत राहते. म्हणून हिवाळ्यात दक्षिणेचे पडदे सकाळी उघडावेत आणि सूर्य उतरताच ओढून घ्यावेत. गाद्या, उशा, रजया दुपारी उन्हात पसराव्यात. कापूस ओलावा सोडतो, फुगतो आणि त्यात हवा भरते. ऊब धरते ती ही अडकलेली हवा. गोधडीचं सामर्थ्यही तिच्यातच आहे. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवले की प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पदर राहतो. म्हणून एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ गोधड्या एकावर एक घेतल्या, तर ऊब जास्त मिळते. कपाटात पडून राहिलेल्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्यायची असेल, तर गावोगावी हे काम करणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांना योग्य मजुरी द्यावी. ती वस्तू पंधरा-वीस वर्षं अंगावर राहते. तिची किंमत त्या काळाने भागून पाहावी.

एका बाबतीत मात्र पै वाचवण्याचा विचारही करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं जिवावर बेततं. अर्धवट जळालेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरातही हवा खेळती हवी. शेकोटी अंगणातच पेटवावी.

गोधडीचा उपयोग स्वयंपाकघरातही आहे. भिजवलेली मूगडाळ किंवा तांदूळ जाड बुडाच्या पातेल्यात, पातेलं दोन तृतीयांश तरी भरेल इतके, घट्ट झाकण लावून दहा मिनिटं चांगले उकळावेत आणि ते पातेलं तसंच जुन्या गोधडीत गुंडाळून तासभर खोक्यात ठेवावं. उरलेलं शिजणं साठवलेल्या उष्णतेवर होतं. अन्न वाफाळतं असतानाच वाढावं, कोमट झालं तर पुन्हा उकळावं. राजमा मात्र असा शिजवू नये. त्यातला अपायकारक घटक खळखळत्या उकळीनेच जातो. गुंडाळण्याची हीच युक्ती थंडीत दही लावताना आणि इडलीचं पीठ फुगवताना कामी येते.

आता बाजार. मटाराच्या एक किलो शेंगांतून निम्म्याहून थोडे कमीच दाणे निघतात, म्हणून भाव विचारताना सोललेल्या दाण्यांचा भाव मनात धरावा. सर्वांत स्वस्त आठवडे बहुधा डिसेंबरअखेर ते जानेवारीत सापडतात. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढले, निथळून कोरडे केले आणि गोठवले, तर उन्हाळाभर पुरतात. उकळी न देता गोठवले, तर दाण्यातली विकरं आपलं काम चालू ठेवतात. रंग आणि गोडी दोन्ही उतरतात. जिथे वीज सारखी जाते, तिथे फ्रीजरवर भिस्त ठेवू नये. त्या घरांसाठी मोरावळा, लिंबाचं लोणचं आणि माघात येणाऱ्या ओल्या हळदीचं लोणचं आहे. बाजरीचं पीठ मात्र थंडी असली तरी आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणावं. बाजरीत सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो आणि दळल्याबरोबर तो खवट व्हायला लागतो. कडू पिठाची भाकरी ताटात तशीच राहते आणि स्वस्त धान्य महाग पडतं.

आपले हिवाळ्यातले सण या बाजाराशी इतके जुळलेले आहेत की पंचांग हातात घेऊन खरेदी करता येते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो. चातुर्मासात वांगं-कांदा वर्ज्य केलेली घरं त्या दिवशी ते पुन्हा खाऊ लागतात, तेही नेमकं वांगी भरघोस येतात तेव्हा. धुंधुरमासात पहाटे उठून, सूर्य उगवताना मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि भरीत खायचं. संक्रांतीच्या सुगडात उसाचं करवं, बोरं, गाजर, हरभरे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ असतो; शिवारात त्या आठवड्यात जे असतं, तेच. गोव्यात नाताळाला शेजारी ताटं वाटतात, त्यांतला दोदोलसुद्धा तांदूळ, नारळ आणि माडाचा गूळ या घरच्याच मालाचा. भोगीची भाजी तेवढी खिशाला लागते, कारण संक्रांतीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला सात-आठ भाज्या थोड्या थोड्या हव्या असतात आणि भाव एका रात्रीत चढतात. पावटा, हरभरा, गाजर दोन दिवस आधी घेतलं तर टिकतं. त्याहून बरं म्हणजे तीन-चार घरांनी मिळून खरेदी करून वाटून घ्यावी.

पण हिवाळ्यातली खरी मेजवानी शिवारातच होते, आणि तिच्याविषयी लिहिताना माझा हात आवरत नाही. रायगडात, अलिबागकडे, पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, हवे असतील तर बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून भरायचा, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवतीने गवत-काटक्यांचा जाळ करायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वासावर अर्ध्या तासात सगळं शिजतं. खानदेशात जळगावच्या हिरव्या भरताच्या वांग्यांना कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ लागतो. वांगी भाजून, सोलून, ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून केलेल्या भरताबरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी. या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात आणि वरण, वांग्याची भाजी यांबरोबर पंगत बसते. ज्वारीच्या पट्ट्यात हुरडा असतो. गूळभेंडीसारख्या जातीची कोवळी कणसं आगटीतल्या आरात भाजायची, गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढायचे आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर, गुळाबरोबर खायचे.

या चारही जेवणांत एक हुशारी आहे. मुख्य पदार्थ त्याच आठवड्यात निघालेला असतो आणि जळणही बहुतेक शिवारातलं टाकाऊ असतं. पऱ्हाट्या, गवत, गोवऱ्या यांना त्या दिवशी दुसरा भाव नसतो. वीस माणसं जेवतात आणि घरधन्याच्या खिशातून तेल-मिठाएवढेच पैसे जातात. शहरातल्या माणसांना हुरडा पार्टीचं तिकीट काढावं लागतं. त्याऐवजी गाडीभाडं खर्चून गावच्या नातेवाइकांकडे जाऊन यावं, जाताना चार किलो साखर-चहा न्यावा. दोन्ही घरांना ते परवडतं.

गोडाकडे येऊ. संक्रांतीच्या गूळपोळीला साधा, मऊ गूळ घ्यावा; चिक्कीचा गूळ घेतला तर सारण कडक होतं. फार पिवळाधमक गूळ टाळावा, तो उजळ दिसावा म्हणून हायड्रॉससारखी रसायनं घातली जातात. काळसर गूळ स्वस्तही असतो आणि खमंगही. तीळही पॉलिश न केलेले घ्यावेत. त्यांच्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून दोन-तीन महिन्यांपुरतेच आणावेत. पाव किलो गुळाला 50 ग्रॅम भाजलेल्या तिळाचं कूट, तेलात खमंग भाजलेलं दोन चमचे बेसन, वेलदोडा-जायफळ एवढं सारण पुरे. नीट भाजलेली पोळी आठवडाभर फ्रीजबाहेर टिकते. डिंकाचे लाडू महाग पडतात ते बदाम आणि गोडंबीमुळे. खारकेची पूड आणि भाजलेलं खोबरं हा पाया ठेवला, तर तळून फुललेला थोडासा डिंकही भरपूर दिसतो. त्याहून स्वस्त अळिवाचे लाडू: नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव, ओलं खोबरं, गूळ. बाळंतिणीसाठी ते केले जातात, पण थंडीत घरातल्या सगळ्यांनीच खावेत. ओल्या खोबऱ्यामुळे चार दिवसांत संपवावे लागतात, आणि ते संपतातच.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. वाण द्यायचं तर घेणारीच्या घरी रोज हाताला लागेल असं द्यावं: गाळणं, सुईदोऱ्याची डबी, घरच्या ओल्या हळदीच्या लोणच्याची छोटी बरणी. शोभेची प्लास्टिकची डबी पुढच्या वर्षी दुसऱ्याच घरी वाण म्हणून जाते. याच दिवसांत मटाराचे दाणे पिठूळ व्हायला लागतात, वालाच्या शेंगा जून होतात आणि नवी तूर बाजारात येते. मटार गोठवण्याचं काम तेव्हा थांबवावं, फ्रीजर पुसून घ्यावा आणि डाळीचे डबे ऊन दाखवायला काढावेत.